संयुक्त राष्ट्रसंघ सोडण्याबाबत माझी ठाम भूमिका

३ नोव्हेंबर, सकाळी आठ

ठरलं. भारतानं संयुक्त राष्ट्रसंघातून बाहेर पडलं पाहिजे. ही माझी भूमिका. आजपासून ठाम.

काल धाराशिवला पक्षाच्या ऑफिसात जिल्हा परिषदेच्या इच्छुकांची बैठक होती. जिल्हाध्यक्ष साहेबांनी एकेकाला विचारलं, तुमचा मुद्दा काय? एक म्हणाला पाणी. दुसरा म्हणाला रस्ता. तिसऱ्यानं अर्धा मिनिट विचार केला आणि म्हणाला, पाणी व रस्ता. मेंढरं नुसती! आमचा बसप्पा तर नुसता भजी खात बसला. चुलतभाऊ आहे, आमच्या सोसायटीत संचालकही आहे, म्हणून जास्त लिहीत नाही, पण असल्या ठोंब्याला इच्छुक म्हणायचं तर आमच्या दारातल्या म्हशीनंही तिकीट मागायला हरकत नाही.

मग माझा नंबर. गावच्या विकास सोसायटीचा अकरा वर्षं चेअरमन असलेला रेवणप्पा कोराळे पाण्यावर बोलणार? मी म्हणालो, माझा मुद्दा देशाच्याही वरचा आहे, लेखी देतो. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. प्रभावित.

खरं तर तेव्हा मुद्दा नव्हता. परतीच्या एसटीत मोबाइलवर सापडला. पाच देश तिथं कायमचे ठाण मांडून बसलेत, त्यांना व्हेटो. आपण एकशेचाळीस कोटी, आपल्याला नाही. मग राहायचं कशाला? तेरचा स्टँड येईपर्यंत भूमिका तयार होती.

वय चौपन्न. यंदा तिकीट मिळालं नाही तर पुन्हा मिळत नाही, हे मला कळतं. पण मिळणारच.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. इंग्रजी सुधारणे. राष्ट्रसंघाची सनद मुळातून वाचणे. कमी बोलणे.

४ नोव्हेंबर

पाचला उठलो नाही. थंडी. सनद मात्र डाउनलोड केली. एकोणीस प्रकरणं आहेत. रोज एक.

वर्षाराणीला भूमिका समजावून सांगितली. बायको असली तरी मतदार आहे. पाऊण तास बोललो. ती म्हणाली, बाहेर पडून जायचं कुठं? म्हटलं, अगं, कुठं जायचं नसतं, फक्त बाहेर पडायचं असतं. मग म्हणाली, बाहेर पडतायच तर गिरणीतनं पीठ घेऊन या.

आणलं.

६ नोव्हेंबर

महेबूबभाईच्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. सोसायटीचा व्हाइस चेअरमन. माणूस सज्जन, पण नजर बियाण्याच्या पिशवीपलीकडं जात नाही. भूमिका ऐकून त्यानं आधी चष्मा पुसला, मग विचारलं, साहेब, हे संयुक्त राष्ट्र आपल्या गटात येतं का शेजारच्या? मतदान किती हाय तिथं?

म्हटलं, न्यूयॉर्कला आहे. तर म्हणाला, मग लई लांब हाय. लोक विचारायलेत, गोदामाचं पत्रं कधी बसणार. जूनच्या वादळात उडाल्यापासनं खताच्या गोण्या ताडपत्रीखाली हायत.

पत्रे! मी सुरक्षा परिषदेवर बोलतोय आणि हा पत्र्यांवर. या जिल्ह्याचं असंच व्हायचं.

सनद: प्रस्तावना अर्धी झाली. अक्षर बारीक आहे.

१० नोव्हेंबर

काल बॅनर लागला. स्टँडसमोर, बारा बाय आठ. "भारताने संयुक्त राष्ट्रसंघ सोडावा! ठाम भूमिका, खंबीर नेतृत्व, मा. रेवणप्पा कोराळे." कानाला मोबाइल लावलेला माझा फोटो, मागं पृथ्वीचा गोळा. फ्लेक्सवाल्या गाढवानं वाढदिवसाच्या तयार डिझाइनमध्येच मजकूर घातला. चारी कोपऱ्यांत फुगे आहेत. दुरून दिसत नाहीत असं तो म्हणाला.

दुरून फुगेच दिसतात.

सकाळपासून फोन. हॅपी बर्थडे चेअरमनसाहेब. शाळेतले दोन मास्तर केक घेऊन आले. मशिदीमागच्या शरिफाबी नळावरनं घागर घेऊन चालल्या होत्या, त्यांनी घागर खाली ठेवून डोक्यावरून हात फिरवला, लई जगा म्हणाल्या. माझा वाढदिवस एक जून, गावातल्या निम्म्या लोकांसारखा शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेला. पण लोकांचं प्रेम नाकारायचं नसतं. केक कापला. कापताना राष्ट्रसंघावर दोन मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. एकानं विचारलं, म्हणजे कितवं लागलं?

निष्कर्ष: मुद्दा घराघरांत पोचला.

१४ नोव्हेंबर

विशेष ग्रामसभा. विषय एकच, माझा. गणपूर्तीला शंभर माणसं लागतात. आली नऊ. ग्रामसेविका मैथिली मॅडमनी सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासानं तिथंच परत घेतली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या अर्ध्या तासात तिघं उठून गेले.

ठराव मी मांडला. अनुमोदन द्यायला कुणी तयार होईना. शेवटी शरिफाबी म्हणाल्या, मी देते, पण आमच्या दारापुढचं गटार पण त्यात घाला. एवढी लहान माणसं! पण राजकारणात लवचिक राहावं लागतं. ठराव असा झाला: "भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघातून तात्काळ बाहेर पडावे, तसेच मशिदीमागील गटार उपसण्यात यावे." सर्वानुमते मंजूर. देशाच्या इतिहासात ही मागणी करणारी आपली पहिली ग्रामपंचायत असणार. चौकशी केलेली नाही, पण असणारच.

मॅडम नंतर म्हणाल्या, सर, राष्ट्रसंघाच्या सनदेत बाहेर पडायचं कलमच नाही. त्यांनी स्पर्धा परीक्षेसाठी वाचली होती म्हणे. दोनदा नापास झालेल्या बाईनं मला सनद शिकवावी! पण मुद्दा कामाचा निघाला. आत घ्यायचं आणि दारच ठेवायचं नाही. सापळा आहे सगळा. भाषणात वापरीन.

सनद: उद्या सलग तीन प्रकरणं.

१८ नोव्हेंबर

ठरावाची प्रत घेऊन धाराशिवला एका सरकारी ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, हा विषय कुणाच्या टेबलचा? तीन टेबलं फिरलो. शेवटी आपत्ती व्यवस्थापनवाल्यानं आवक शिक्का मारून दिला. शिक्क्याचा फोटो स्टेटसला ठेवला. अठ्ठावीस जणांनी बघितला. बसप्पानं हात जोडलेली खूण पाठवली. त्याला दुसरं काही येतही नाही.

गटाराचं काम आज सुरू झालं. सगळे शरिफाबींना धन्यवाद देतायत.

२३ नोव्हेंबर

मुलाखत झाली. करिश्मा म्हणून येरमाळ्याची एक पोरगी यूट्यूब चॅनेल चालवते. बॅनरपुढं उभं केलं. पहिली आठ मिनिटं मी फारच सुंदर बोललो. मग बया म्हणाली, भारतानं संस्था सोडावी म्हणता, तुम्ही स्वतः आजवर कुठली संस्था सोडलीत?

जरा थांबलो. मोठी माणसं उत्तरापूर्वी थांबतात. व्हिडिओत ते थांबणं एकोणीस सेकंदांचं दिसतंय, मागून एसटीचा हॉर्न येतो.

मग म्हणालो, उद्याच सोडून दाखवतो! भारत बाहेर पडेपर्यंत मी सोसायटीत पाय ठेवणार नाही! ती म्हणाली, चेअरमनपद सोडणार का सभासदत्व? कारण भारत तिथं सभासद आहे, चेअरमन नाही. म्हटलं, दोन्ही!

काय क्षण होता. अंगावर काटा आला. 

२४ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. उलट फायदाच.

आपल्याकडं राजीनामा मंजूर करायचा नसतो. अकरा वर्षांत मी तीनदा दिलाय आणि तिन्ही वेळा हार घालून घेऊन परत घेतलाय. रीत ठरलेली आहे. संचालक घरी येतात. आपण नाही म्हणायचं. ते सतरंजीवर बसून राहतात. चहा. परत नाही म्हणायचं. मग एखादा म्हातारा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतो, तिथं आपण डोळ्याला रुमाल लावायचा. लोकाग्रहास्तव राजीनामा मागं. या खेपेला करिश्माला कॅमेऱ्यासकट बोलावतो. साहेबांनी बघितलं की तिकीट खिशात.

महेबूबभाई दुपारी मुद्दाम घरी आला. म्हणाला, साहेब, या टायमाला नका देऊ. पत्र्यावरनं लोक लई तापलेत. मागल्या वेळी हवा येगळी होती. बिचारा. पंधरा वर्षं माझ्याबरोबर राहून राजकारण शिकला नाही.

राजीनामा सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिव वीरप्पाकडं दिला. त्यानं तीनदा वाचला. म्हणाला, सभासदत्वाचा पण? खरंच? म्हटलं, लिहिलंय ते वाचता येतं ना तुला? तर म्हणाला, आपल्या उपविधीत एका अर्जावर जाता येतं साहेब, म्हणून इचारलं. सही कर, शिक्का मार, तारीख टाक, म्हटलं. तिन्ही गोष्टी माझ्यासमोर करून घेतल्या. काम पक्कं असलेलं बरं.

२६ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ

दहाला संचालकांची बैठक. तिथून सगळे इकडं येतील. मंडपवाल्याकडनं पंधरा खुर्च्या आणल्या, सतरंजी घातली. वर्षाराणीला पंधरा माणसांचे पोहे करायला लावले. ती म्हणाली, येणारेत का नक्की? अशा प्रश्नांनीच माणसाचं खच्चीकरण होतं. पांढरा शर्ट, धुतलेला रुमाल. करिश्मा आली आहे, ओट्यावर कॅमेरा लावून बसली आहे.

साडेदहा

बैठक लांबलेली दिसते. भावनिक भाषणं चालली असणार.

सव्वाअकरा

मोटारसायकलचा आवाज आला. रुमाल काढला. वीरप्पा एकटाच. ऑफिसच्या कपाटाची किल्ली मागायला आला होता.

राजीनामा चार मिनिटांत मंजूर. बसप्पा चेअरमन, बिनविरोध. राजीनामा मंजूर करायला विरोध एकट्या महेबूबभाईनं केला म्हणे. पण एकट्याच्या विरोधानं काय होतं? व्हेटो असता तर गोष्ट वेगळी होती.

वीरप्पानं जाताना दोन डिश पोहे खाल्ले. करिश्मानं किल्ली देतानाचं शूटिंग केलं.

२७ नोव्हेंबर

बरंच झालं. मोकळा झालो. सोसायटी म्हणजे पायातली बेडी होती. आता पूर्ण वेळ आंतरराष्ट्रीय प्रश्नाला.

किल्लीच्या व्हिडिओला अकरा हजार व्ह्यूज. कॉमेंट वाचल्या नाहीत. थोड्या वाचल्या. लोकांची लायकीच नाही.

९ डिसेंबर

बसप्पानं गोदामावर पत्रे बसवले. निळे. दहा दिवसांत. पूजा केली, नारळ फोडला, पेढे वाटले. आमच्या घरीही एक पुडा आला. पत्रे बसवणं म्हणजे नेतृत्व नव्हे, वेल्डरचं काम आहे ते. वर्षाराणीनं चार पेढे खाल्ले. मी दोन.

संध्याकाळी कुणी बघत नाही असं बघून गोदामाकडून चक्कर मारली. पत्रे चांगले बसलेत. मला पाच महिने ते का सुचलं नाही? पण मी तेव्हा मोठ्या कामात होतो. निदान नोव्हेंबरपासून तरी होतो.

१६ डिसेंबर

सोसायटीत परत जायचं ठरवलं. भूमिका बदललेली नाही. आतून लढायचं, एवढाच फरक.

नव्या सभासदत्वाचा फॉर्म घेऊन गेलो. अकरा वर्षं ज्या खुर्चीवर बसलो तिच्यासमोरच्या बाकावर बसलो. वीरप्पानं फॉर्म पाहिला आणि मान खाली घालून म्हणाला, साहेब, सातबाऱ्यावर तुमचं नाव न्हाय. विसरलोच होतो. तीन वर्षांपूर्वी मीच सगळी जमीन वर्षाराणीच्या नावावर केली. उमेदवारी अर्जात साधं राहणीमान दिसावं म्हणून. जुना सभासद असल्यानं तेव्हा कुणी सातबारा विचारला नाही. शेतकरी सोसायटीत बिनजमिनीचा माणूस शेतकरी सभासद होत नाही. हा नियम मी स्वतः कितीजणांना तोंडावर फेकलाय.

बसप्पा आतून म्हणाला, दादा, वहिनींचा अर्ज द्या की, लगेच घेतो. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

१९ डिसेंबर

वर्षाराणी सोसायटीची सभासद झाली. सही इंग्रजीत केली. मला माहीतच नव्हतं तिला येते ते.

घरात सभासदत्व आहे, म्हणजे माझंच आहे.

५ जानेवारी

तिकिटासाठी मुलाखती. नवं जॅकेट शिवून घेतलं होतं. साहेबांनी विचारलं, रेवणप्पा, सध्या कुठली संस्था आहे तुमच्यामागं? मी छाती काढून म्हणालो, कुठलीच नाही, तीच माझी भूमिका. साहेब शेजारच्याकडं वळून म्हणाले, लोक संस्था काढून मोठे होतात, हे सोडून व्हायलेत. सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं कौतुक आहे. एसटी ढोकीच्या फाट्यावर आली तेव्हा कळलं की नाही.

बसप्पाला विचारलं, तुमचा मुद्दा काय? तो म्हणाला, काय न्हाय साहेब, गोदामाचं पत्रं बसवलं. आन आता गावाला लागलंय पाणी.

तिकीट बसप्पाला.

पाणी! शेवटी पाण्यालाच!

८ जानेवारी

अपक्ष उभं राहायचं म्हटलं. भूमिका पक्षापेक्षा मोठी असते. सूचक म्हणून वर्षाराणीला सही मागितली. ती म्हणाली, बसप्पा भाऊजींनी काल येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळात माझ्याकडनं प्रचाराचा पहिला नारळ वाढवून घेतलाय, आता कुठल्या तोंडानं सही करू? म्हणजे ही तिथं गेली होती! मला वाटलं माहेरी गेली. पाच मिनिटं ओरडलो. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, तुमच्यावर राग न्हाय हो माझा, पण तुम्हाला कुणी काही इचारलंच न्हाय आणि तुम्ही उत्तर देत सुटलात.

महेबूबभाईकडं गेलो. तो सही द्यायला तयार होता. लगेच पेन काढलं. त्याच्या तोंडाकडं बघून मीच नको म्हणालो. त्याला असं का वाटावं की माझं वाईट चाललंय?

अर्जाची मुदत संपली. बरं झालं, घाईत घेतलेले निर्णय चुकतात.

११ जानेवारी

आज सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा, नव्या निळ्या पत्र्यांखाली, गोदामात. वर्षाराणी नवी साडी नेसून नऊलाच गेली. मी घरी बसणार होतो. पण गावातली एवढी मोठी सभा आणि आपण बाहेर, हे बरं दिसत नाही. गेलो. दारात वीरप्पा हजेरीचं रजिस्टर घेऊन बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, रजिस्टरकडं बघितलं, आणि पेन पुढं केलं नाही.

महेबूबभाई धावत आला. म्हणाला, या साहेब या, निरीक्षक म्हणून बसा. मत न्हाय, बोलायचं न्हाय, पण बसायला कोण नको म्हणतंय? त्यानं स्वतःची खुर्ची शेवटच्या रांगेत आणून दिली आणि आपण गोण्यांवर बसला.

निरीक्षक म्हणजे हलकं पद नव्हे. खुद्द राष्ट्रसंघातही असतात. मांडीवर मांडी टाकून बसलो. वर्षाराणी पुढं दुसऱ्या रांगेत होती, शरिफाबींबरोबर काहीतरी हळूहळू बोलत होती. तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

शेवटचा ठराव बसप्पाच्या अभिनंदनाचा. जिल्हा परिषदेची उमेदवारी मिळाल्याबद्दल. वीरप्पा म्हणाला, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. सगळ्या गोदामात हात वर झाले. मी ठरवलं होतं की तोंड फिरवून बसायचं. पण एवढ्या हातांत आपलाच खाली राहिला तर बसप्पाला वाटेल, दादा जळतो. आणि खरं लिहायचं तर त्या घडीला मला सगळ्यांच्यात असावंसं वाटलं, दुसरं काही नाही. वर केला. चांगला उंच केला.

वीरप्पा पुढून मोजत मोजत मागच्या रांगेपर्यंत आला. माझ्यापाशी थांबला. मग पुढं टेबलाशी ठराव लिहीत बसलेल्याला लिहून घ्यायला सांगितलं, एकशे सदतीस, रेवणप्पाचा हात सोडून.